सालीसकट

मी चव न घेता सही केली होती.

आश्रमशाळेत एक नियम असतो. मुलांना वाढायच्या अर्धा तास आधी एका शिक्षकाने ते जेवण स्वतः खाऊन बघायचं आणि चव रजिस्टरमध्ये वेळ, पदार्थ आणि शेरा लिहून सही करायची. नियम शहाणा आहे. काही बिघडलेलं असेल तर ते आधी एका मोठ्या माणसाच्या पोटात जावं, दोनशे लहान पोटांत जाऊ नये. माझी पाळी शनिवारची. मी शिक्षकांच्या खोलीतच रजिस्टर मागवून घ्यायचो, ‘चव उत्तम’ असं लिहायचो आणि सही ठोकायचो. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसे. एका शनिवारी या सवयीमुळे, आणि त्याच सकाळी मी केलेल्या आणखी एका गोष्टीमुळे, एकतीस मुलं आजारी पडली. शिक्षा मला झाली नाही. ज्यांना झाली त्यांच्याबद्दल लिहायचं सोळा वर्षं टाळलं. आता टाळता येत नाही.

ते आमच्या वसतिगृहाचे अधीक्षक होते. मुरबाडहून माळशेजकडे जाताना टोकावड्याच्या पुढे डावीकडे एक कच्चा रस्ता आत जातो, त्याच्या टोकाला आमची शाळा. मुलं बहुतेक डोंगरातल्या पाड्यांवरची. त्यांचं उठणं, अंघोळ, जेवण, झोपणं सगळं अधीक्षकांकडे. आम्ही त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचो. मुलं पाठीमागे ‘केळेसर’ म्हणायची आणि ते त्यांना माहीत होतं.

मी शाळेवर हजर झालो त्या दिवशी ते विहिरीजवळ उकिडवे बसून हिरव्या केळ्यांच्या साली धूत होते. उंच, वाळलेला माणूस, बनियनवर. दोन्ही हात कोपरापर्यंत चिकाने काळे पडलेले. माझा आदेशाचा कागद त्यांनी ओल्या हाताने घेतला नाही, नुसता वाचला आणि विचारलं,

“घरी शेती?”

“हो सर.”

“केळ्याची साल कोण खातं तुमच्याकडे?”

“म्हैस.”

“मग म्हैस शहाणी. तू काय खातोस? मधलं मऊ खातोस आणि काम करणारं गोठ्यात टाकतोस.” 

मग त्यांनी डब्यातून चटणी काढून माझ्या तळहातावर ठेवली. काळपट, खुरासणीचा आणि लसणाचा वास. मी तोंडात टाकली, आणि साल आहे हे आठवून पाठ फिरवली, रुमालात थुंकली. माझ्या घरी साल गोठ्यात जायची, आणि मी शिकून नोकरीला लागलेला माणूस होतो. तेवढंच कारण. त्यांनी पाहिलं होतं. म्हणाले, “असू दे मास्तर. दुसऱ्या खेपेला गिळशील.”

दुसऱ्या खेपेलाही मी गिळली नाही. फक्त थुंकताना दिसणार नाही याची काळजी घेतली.

शाळेमागे ओढ्याच्या कडेला त्यांनी केळी लावल्या होत्या. शाळेच्या न्हाणीचं पाणी चर खणून तिकडे वळवलं होतं. त्या बागेतलं काही वाया जात नसे. केळफुलाची भाजी, आतल्या गाभ्याची कोशिंबीर, पानं पंगतीला, आणि केळं सालीसकट. साली वाळवून, दळून ते पीठ नाचणीच्या भाकरीत मिसळायचे. पहिल्यांदा मुलांनी तोंडं वाकडी केली. तेव्हा त्यांनी पिठाचं प्रमाण कमी केलं, आठवड्या-आठवड्याने चिमूटभर वाढवलं, आणि चौथ्या महिन्यात मुलांना सांगितलं. एक पोरगी म्हणाली, “सर, तुमी आमाला फसवलं.” सर म्हणाले, “फसवलं नाय गो. ओळख करून दिली हळूहळू.”

सकाळच्या रांगेत हजेरीआधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. प्रत्येक मुलासमोर थांबून विचारायचे, “आज पोट काय बोललं?”

नवीन मुलं लाजायची. जुनी मोकळेपणाने सांगायची.

“सर, पातळ.”

“किती येळा?”

“तीन येळा झाली.”

“मावशी, याला कच्चं उकडून द्या. मिठाबरोबर कुस्करा, पेजेत घाला. तुझं रे?”

“माझं बोललंच नाय सर. दोन दिस.”

“तुला पिकलेलं. ठिपके आलेलं. आणि रात्री सालीच्या पिठाची भाकर. पाणी पी, नुसतं केळं खाऊन काय होत नाय.”

पाहुणे शिक्षक हसून लोटपोट व्हायचे. मीही हसायचो. ‘कच्चं थांबवतं, पिकलेलं हलवतं’ हे त्यांचं वाक्य आम्ही स्टाफरूममध्ये त्यांच्या आवाजात म्हणायचो. आता आठवतं की मी तिथे काढलेल्या तीन पावसाळ्यांत आमच्या वसतिगृहातलं एकही मूल हगवणीने सलाइन लावायला न्यावं लागलं नाही. शेजारच्या शाळांत दर आषाढात जीप पळायच्या. ते केळ्यामुळे की उकळलेल्या पाण्यामुळे, की रोज सकाळी कोणीतरी आपल्या पोटाची चौकशी करतं यामुळे, मला सांगता येणार नाही. त्यांनाही सांगता आलं नसतं. केळ्याचा भक्त असूनही ते केळ्याबद्दल खोटं बोलत नसत.

एकदा मीच त्यांना डिवचलं होतं. “सर, मग बाकी कशाला? केळंच घाला तिन्ही त्रिकाळ.”

ते चिडले. “कोण बोलला? केळ्यात लोह नाय फारसं. प्रथिनं नायत. डाळीचं काम डाळ करते, अंड्याचं अंडं. केळं ताकद देतं, पोटॅशियम देतं, पोट सांभाळतं. साल चोथा देते. बस. फक्त एक आहे. पावसात कोठी रिकामी होते ना, भात संपतो, नाचणी संपते, तेव्हा परसात केळ उभी असते. ती कोणाला नाय म्हणत नाय.”

एवढं बोलून ते कोठीकडे निघून गेले. त्यांचा एक धाकटा भाऊ अशाच एका श्रावणात गेला होता हे मला पुढे मावशींकडून कळलं. मावशी म्हणजे आमची स्वयंपाकीण, रोजंदारीवरची. सरांनी स्वतः भावाचं नाव कधी काढलं नाही.

बाजारच्या केळ्यांबाबत मात्र त्यांचा कायदा कडक होता. शाळेत पूरक आहार म्हणून आठवड्यातून दोनदा पिकलेली केळी क्रेटमधून यायची. ती मुलांनी सोलून खायची, साल टोपलीत, टोपली खतात. “ही पिकवताना कशात बुडवलीत देव जाणे,” ते म्हणायचे. “आतलं खा. वरचं झाडांना.” स्वयंपाकात साल जायची ती फक्त आपल्या बागेतल्या कच्च्या केळ्याची, त्याच सकाळी उतरवलेल्या घडाची. तीन पाण्यांनी धुतलेली, हळद-मिठाच्या पाण्यात घातलेली, मग उकडलेली. उकडलेलं पाणीसुद्धा आमटीत. टोकावड्याच्या नाक्यावरचा टपरीवाला त्यांच्यासाठी गिऱ्हाइकांच्या साली पिशवीत जमवून ठेवायचा आणि ओरडायचा, “सर, तुमचा खाऊ!” ते तिथूनच उत्तर द्यायचे, “माझा नाय रे, माझ्या झाडांचा!” एस्टीत ती पिशवी मांडीवर घेऊन बसायचे. शेजारचा माणूस नाक मुरडून उठला की खिडकीकडे सरकून ऐसपैस बसायचे.

धुण्या-उकडण्याची ही सगळी पद्धत त्यांची नव्हती. ती वहिनींची, म्हणजे त्यांच्या बायकोची. त्यांचं गाव मुरबाडच्या अलीकडे. महिन्या-दोन महिन्यांनी वहिनी शाळेवर यायच्या, मावशींबरोबर चुलीपाशी बसायच्या आणि नवीन काहीतरी शिकवून जायच्या. ठेंगण्या, गोऱ्या, सतत बोलणाऱ्या. सर कोणालाही सांगताना म्हणायचे, “माझं डोकं नाय हे. हिच्या आईचं आहे. मी फक्त पुस्तकात बघून आलो की म्हातारी बरोबर बोलत होती.”

वहिनी म्हणायच्या, “आमच्याकडं सालीची चटणी गरिबी म्हणून नाय करत हो. चव असते म्हणून करतात. तुमी खाल्ली का?”

“खाल्ली ना वहिनी. फार छान.”

“खोटं बोलतो हा,” सर म्हणायचे. “रुमाल बघ त्याचा.”

वहिनींच्या हाताला त्या पंचक्रोशीत मान होता. हळदीचा स्वयंपाक असो की भंडाऱ्याचा, आमटीला फोडणी कोणी द्यायची हे विचारायची गरज नसे. आधी त्यांना बोलावणं जायचं आणि मग बाकीचं ठरायचं. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण मी काय मोडलं ते त्याशिवाय कळणार नाही.

त्या शनिवारी सर मीटिंगसाठी सकाळच्या गाडीने मुरबाडला गेले. जाताना मला सांगून गेले, “ओढ्याकडचा दुसरा घड तयार आहे. नऊच्या आत उतरव आणि मावशीला दे. आमटीत आणि चटणीत साली जातील. बाकी काय नाय.”

मी हो म्हटलं. पण दुपारी मला मुरबाडलाच मुलगी बघायला जायचं होतं. मी तीस वर्षांचा होतो, दोन स्थळं नकार देऊन गेली होती, आणि त्या दिवसासाठी घेतलेला पांढरा शर्ट मी सकाळीच घालून बसलो होतो. केळीचा चीक कपड्यावर पडला की डाग जन्मात जात नाही, हे कोकणातल्या पोरालाही कळतं. शर्ट काढून, जुना घालून, घड उतरवून, परत हातपाय धुऊन तयार व्हायला अर्धा तास लागला असता. मी तो अर्धा तास दिला नाही. सकाळी मुलांनी क्रेटमधली केळी खाल्ली होती. सालींची टोपली व्हरांड्यात होती. मी ती पायाने मावशींकडे सरकवली.

“आज ह्याच घाला.”

मावशी बघतच राहिल्या. “सर नाय बोललेत ह्या सालींना. ह्या बाजारच्या हायेत. पोरांनी चावलेल्या.”

“धुऊन घ्या. उकडल्यावर काय राहतं?”

“नाय हो. सर ओरडतील.”

“मी सांगतो ना सरांना. तुम्ही घाला.”

मग मी रजिस्टर मागवलं, ‘चव उत्तम’ लिहिलं, सही केली आणि साडेअकराच्या गाडीने निघून गेलो. 

संध्याकाळी परत आलो तेव्हा मैदानात जीप उभी होती. मुलं ओळीने व्हरांड्यात आडवी. उलट्यांचा वास. सर माझ्या आधी परतले होते. एका मुलीचं डोकं मांडीवर घेऊन चमच्याने साखर-मिठाचं पाणी पाजत होते. त्यांनी वर बघितलं. माझ्याकडे, मग माझ्या शर्टाकडे. आणि पुन्हा चमचा भरला. एकतीस मुलं सरकारी दवाखान्यात दोन रात्री होती. कोणाचा जीव गेला नाही. हे वाक्य मी नंतर स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं की ते मला औषधासारखं पाठ झालं.

पण त्या दोन रात्रींत पाड्यांवरून माणसं आली. एका बापाने सरांची कॉलर धरली. “आमची पोरं काय ढोरं हायेत का? साली घालता?” सरांनी कॉलर सोडवून घेतली नाही. पाच मुलींना आईबापांनी घरी नेलं ते कायमचं. त्यातली एक सातवीत होती, गणितात माझ्यापेक्षा तल्लख. दिवाळीनंतर ती घरच्यांबरोबर वीटभट्टीवर गेली असं ऐकलं. तिचं नाव हजेरीपटावरून मी माझ्या हाताने कमी केलं.

चौकशीला दोन अधिकारी आले. मला म्हणाले, तुम्ही त्या दिवशीचे चव घेणारे शिक्षक, तुमचा जबाब लिहून द्या. मी खोलीत बसून लिहिला. दोनच वाक्यं महत्त्वाची होती. ‘स्वयंपाकात केळीच्या सालींचा वापर अधीक्षकांच्या सूचनेवरून नियमितपणे होत असे. सदर पाककृती अधीक्षकांच्या पत्नीने स्वयंपाकिणीस शिकविली होती.’ यात एकही शब्द खोटा नाही. मी दोनदा वाचून खात्री करून घेतली होती. पहिलं वाक्य पुरेसं होतं. दुसरं मी का लिहिलं? दोष जितक्या लांब जाईल तितका बरा, एवढंच डोक्यात होतं. शाळेबाहेरच्या, कधी चौकशीला न येणाऱ्या बाईवर तो सगळ्यात लांब जाऊन पडला.

मावशींना विचारलं तेव्हा मी खोलीतच होतो. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “मला काय समजत नाय साहेब. सांगतात तसं करते.” कोणी सांगितलं, हे अधिकाऱ्यांनी विचारलं नाही. त्यांना उत्तर आधीच मिळालं होतं.

सरांनी स्वतःला वाचवलं असतं. एक वाक्य पुरलं असतं: मी त्या दिवशी इथे नव्हतो. पण अधिकाऱ्याने कपाळाला आठ्या घालून विचारलं, “साल ही काय माणसाने खायची वस्तू आहे का?” आणि संपलं. सर उभे राहिले आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. चोथा म्हणजे काय, कच्च्या केळ्यातला स्टार्च आतड्यात काय करतो, पोटॅशियम सालीत किती टिकतं, उकडलेलं पाणी का फेकू नये, आपण शिकलेली माणसं सोलायला शिकलो आणि खायचं विसरलो. अर्धा तास. अधिकारी घड्याळ बघत होता. दुसऱ्याने पेनाचं टोपण लावलं. मला ओरडावंसं वाटत होतं की सर, ते नाही हो, घडाचं सांगा, मुरबाडच्या मीटिंगचं सांगा. मी ओरडलो नाही.

निलंबन झालं. वर्षाने त्यांना परत घेतलं ते लांबच्या एका कार्यालयात, फायलींपाशी, जिथे स्वयंपाकघर नव्हतं. मधल्या काळात एका स्थानिक पेपरात बातमी आली होती, गुरांचं खाद्य मुलांना, अशा अर्थाची. वहिनींचा उल्लेख ‘पत्नीचा प्रयोग’ असा होता. शाळेमागची बाग दोन माणसं लावून तोडली. केळ तोडायला काही लागत नाही, कोयत्याचे दोन घाव आणि पाणीच पाणी. तो चर तसाच राहिला, न्हाणीचं पाणी रिकाम्या जागेत साचून डास झाले.

माझं ते स्थळ जुळलं. पुढे माझी बदली शहापूर तालुक्यात, भातसानगरच्या बाजूला झाली. शहापुरात घर घेतलं. बायकोला यातलं काही सांगितलं नव्हतं. चव रजिस्टरवर मी त्यानंतर रोज, स्वतःची पाळी नसतानाही, दोन घास खाऊन सही करत आलो. लोकांना वाटतं मी कर्तव्यदक्ष आहे. एकदा सत्कारही झाला, नारळ आणि शाल.

यंदा रक्तदाब तपासायला शहापुरातल्या एका दवाखान्यात गेलो होतो. डायलिसिसच्या खोलीबाहेर बाकावर एक ठेंगणी बाई डबा मांडीवर घेऊन बसली होती. मी ओळखली. तिने मला ओळखलं नाही, किंवा तसं दाखवलं. दाराच्या काचेतून आत बघितलं. चार पलंग, चार यंत्रं. खिडकीजवळच्या पलंगावर सर. हाताची शीर फुगून दोरखंडासारखी झालेली. पाय सुजलेले. मी आत गेलो.

“मास्तर,” ते म्हणाले. “जाड झालास.”

“सर, कधीपासून?”

“दीड वर्ष. आठवड्यातून दोनदा, मुरबाडवरून. शेजारच्याची गाडी येते, त्यात दवाखान्याला येणाऱ्या आमच्या गावच्या आणखी दोघी-तिघी असतात.” मग ते हसले. “पथ्य माहिताय का? केळं बंद. पोटॅशियम. किडनी बाहेर टाकू शकत नाय, मग ते रक्तात साचतं आणि हृदय बंद पाडतं. आयुष्यभर मी काय सांगत फिरलो त्याचीच मला मनाई. भाजीसुद्धा चिरून पाण्यात भिजत ठेवायची, उकडायची आणि पाणी ओतून द्यायचं. ही ओतते आणि माझ्याकडे बघत नाय. मी सांगतो अगं ओत, आता तेच बरोबर आहे. माझ्यासारख्याला विष, पोराला अमृत. केळं तेच. घेणारं शरीर बघायचं असतं.”

शेजारच्या पलंगावरचा म्हातारा म्हणाला, “ओ केळेसर, झोपू द्या जरा.” म्हणजे नाव इथेही पोचलं होतं.

त्या दिवशी मी त्या शनिवारचा विषय काढला नाही. पुढच्या आठवड्यात परत गेलो, तेव्हाही नाही. हवापाण्याच्या गप्पा मारल्या. त्यांनी सांगितलं की निलंबनाच्या वर्षी गावात पोरं रात्री आमच्या अंगणात केळ्यांच्या साली टाकून जायची. “मला काय, मी गोळा करून झाडांना घालायचो. फुकटचं खत.” मग म्हणाले, “हिला पुढं कोणी हळदीला बोलावलं नाय. नातीच्या बारशाला साठ माणसांचा स्वयंपाक केला तिनं. लोक आले, पाळणा म्हटला, पाणी प्यायले आणि गेले. म्हणाले घरी पाहुणे आहेत. सगळ्यांच्याच घरी पाहुणे. भात तिनं दुसऱ्या दिवशी ओढ्यावर नेऊन टाकला. तेव्हापासून ती लोकांसाठी शिजवत नाय.”

तिसऱ्या खेपेला मी स्टूल पलंगाला टेकवलं आणि सांगून टाकलं. घड मी उतरवला नव्हता. साली टोपलीतल्या होत्या. चव घेतली नव्हती. सांगताना माझा आवाज इतका बारीक होता की यंत्राच्या घरघरीत बुडत होता.

सर छताकडे बघत होते. म्हणाले, “माहिताय.”

“मावशींनी सांगितलं?”

“तिला कशाला पाहिजे? त्या रात्री बॅटरी घेऊन बागेत गेलो. घड झाडावरच होता.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत सर? चौकशीत?”

त्यांनी मान वळवली. डोळे पिवळट, पण नजर तीच, रांगेत पोटाची चौकशी करणारी.

“तू तिथंच बसला होतास ना. मी बोलत होतो, लांबवत होतो. वाटलं, आता उठेल. आता उठेल.”

मला वाटायचं ते भाषण म्हणजे त्यांचं वेड होतं.

“सर, माझं चुकलं. मी...”

“मला नको,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. “माझं सरकारशी होतं, ते संपलं. पेन्शन खातो. तू कागदावर कोणाचं नाव लिहिलंस? नक्कल मला दिली होती त्यांनी. वाचली मी.” यंत्राने टीटी केलं, नर्स आली, नळी सारखी केली, गेली. “ती बाहेर बसलीये. ती आत येत नाय, रक्त बघवत नाय तिला. जा.”

मी बाहेर आलो. बाकावर वहिनी, शेजारी त्यांच्या गावच्या दोन बाया, एक पोरगी मोबाइल बघत. वहिनींनी डबा उघडला होता. पांढरीफटक भाजी, उकडून पाणी काढलेली. त्या एकट्याच खात होत्या. बाकीच्यांचे डबे वेगळे, अंतर ठेवून.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. गुडघे दुखतात, तरी बसलो.

“वहिनी, मी त्या शाळेवर होतो. सरांबरोबर.”

“ओळखलं पहिल्या दिशीच,” त्या म्हणाल्या. “रुमालवाले मास्तर.”

“मला तुम्हाला सांगायचंय...” आणि मी सांगितलं. हळू, त्यांच्या पायांकडे बघत. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर डब्याचं झाकण लावलं, पदराला हात पुसला. मला वाटलं त्या रडतील. मी त्याची तयारी केली होती.

“मला कशाला सांगताव हळू हळू?” त्या म्हणाल्या. “मला ठावं हाय माझी साल कशी होती. ह्या दोघी आमच्या गावच्या हायेत. ही सरपंचाची चुलती. माझ्या नातीच्या बारशाला आली होती, पाणी पिऊन गेली. हिला सांगा. उभं राहून सांगा. मोठ्यानं.”

सरपंचांच्या चुलतीने मान वर केली. पोरीने मोबाइल खाली ठेवला. व्हरांड्याच्या टोकाला केसपेपरच्या रांगेत पंधरा-वीस माणसं होती, त्यातली काही आमच्याकडे बघायला लागली. दोन-तीन जणांनी मला ओळखलं असणार, माझ्या शाळेतल्या मुलांचे पालक. मी बाकाचा आधार घेऊन उठलो. आधी माझं पूर्ण नाव सांगितलं, मग शाळेचं.

“सोळा वर्षांपूर्वी त्या शाळेत जेवणातून मुलं आजारी पडली,” मी म्हणालो, आणि आवाज चिरकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हणालो. “या बाईंच्या चटणीने कोणी आजारी पडलं नाही. त्यांची पद्धत स्वच्छ होती. ती मी मोडली. बाजारच्या केळ्यांच्या, मुलांनी खाऊन टाकलेल्या साली मी आमटीत घालायला लावल्या. चव घ्यायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही, आणि केलं अशी सही केली. मग स्वतःला वाचवायला कागदावर यांचं नाव लिहिलं. तुम्ही सोळा वर्षं यांच्या हातचं खाल्लं नाहीत ते माझ्यामुळे. वहिनी, मी तुमचा गुन्हेगार आहे. मला माफ करा.”